दुकान आणि शाळा : अझीम प्रेमजींच्या चरित्रातून आपण काय घ्यावे?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींनी बक्षिसे मिळविली त्यांचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांचेही अभिनंदन, कारण ते अजून शाळेत आहेत. हे मी थट्टेने म्हणत नाही. न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर यांच्या समितीने २००६ साली जो अहवाल दिला त्यात असे नमूद केले आहे की, सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत, किंवा मध्येच शाळा सोडून बाहेर पडली. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ६५ टक्के होती आणि मुसलमानांची ५९ टक्के. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे हे खरे, परंतु दहावीच्या वर्गातील बाके पावसाळ्यानंतर रिकामी होऊ लागतात हा अनुभव येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला आहे. मुलगा कुठे गेला म्हणून चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते. "अब्बांची तब्येत बरी नसते, दुकानावर बसतो," किंवा "मामूंच्या गॅरेजमध्ये काम शिकतो."

अशा घरांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. शिकून काय होणार? नोकरी कोण देणार? त्यापेक्षा दोन पैसे कमावलेले काय वाईट? या प्रश्नाला रागावून उत्तर देता येत नाही, कारण तो पोटातून आलेला आहे. म्हणून आज मी उपदेश करण्याऐवजी एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवणार आहे. या माणसालाही वडील वारल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून दुकानावर येऊन बसावे लागले. ते दुकान आपल्या महाराष्ट्रातच, खानदेशातील अमळनेर येथे होते. त्या माणसाचे नाव अझीम हाशिम प्रेमजी.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. श्री. प्रेमजी हे गरिबीतून वर आलेले गृहस्थ नव्हेत. व्यासपीठावरून थोरामोठ्यांच्या कथा सांगताना त्यांना आधी झोपडीत जन्माला घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मी पाळणार नाही. त्यांचा जन्म २४ जुलै १९४५ रोजी मुंबईत एका सधन गुजराती खोजा कुटुंबात झाला. वडील महंमद हाशिम प्रेमजी हे तांदळाचे मोठे व्यापारी होते व ब्रह्मदेशाशी त्यांचा व्यापार चाले. आई गुलबानू या डॉक्टर होत्या. मुंबईत हाजीअली येथे अस्थिव्यंग मुलांसाठी जे रुग्णालय आहे, त्याच्या कामाला या बाईंनी सुमारे पन्नास वर्षे वाहून घेतले. पैसा कमी पडला की त्या देणग्यांसाठी दारोदार फिरत आणि सरकारदरबारी खेटे घालीत. आपल्या मनावर सर्वांत खोल ठसा आईचा उमटला, असे श्री. प्रेमजींनी वारंवार सांगितले आहे. ज्या मुलाने घरात पैसाही पाहिला आणि त्या पैशाची वाट कोणत्या दिशेने जावी हेही पाहिले, अशा मुलाची ही गोष्ट आहे. तेव्हा आपल्या मुलांनी त्यांच्या संपत्तीशी बरोबरी करू नये. बरोबरी करायचीच तर त्यांच्या सवयींशी करावी, कारण सवयींना भांडवल लागत नाही.

महंमद हाशिम प्रेमजींनी २९ डिसेंबर १९४५ रोजी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना अमळनेरला काढला. अमळनेरच का, हे खानदेशी माणसाला सांगावे लागत नाही. भोवताली भुईमुगाचा मुलूख आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे सोयीचे स्थानक. शेंगदाण्याचे तेल काढायचे, ते तापवून त्यातून हायड्रोजन वायू सोडायचा म्हणजे ते तुपासारखे घट्ट होते, तेच वनस्पती तूप. 'सनफ्लॉवर' या नावाने ते विकले जाई. तेलाच्या शुद्धीकरणात जे उरते त्यापासून '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण निघे. अमळनेर हे गाव अन्यथाही विद्येचे. प्रताप शेठजींच्या उदार आश्रयाने तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेथल्याच प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते, आणि २०२४ साली ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले. अशा गावात एका मुसलमान व्यापाऱ्याने काढलेला कारखाना गावाचा होऊन राहिला, गावातील शेतकऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी त्याचे शेअर घेतले, ही आपल्या सामाजिक इतिहासातील लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

कंपनी स्थापन होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच फाळणी झाली. पाकिस्तानात येऊन स्थायिक व्हावे, असे निमंत्रण खुद्द जिनांनी हाशिम प्रेमजींना दिले होते आणि त्यांनी ते नाकारले, अशी नोंद अनेकांनी केलेली आहे. त्यांचे घर मुंबईत होते, कारखाना अमळनेरात होता. ते येथेच राहिले.

पुढे अझीम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यास गेले. तेथे असतानाच ऑगस्ट १९६६ मध्ये वडील एकाएकी वारल्याची वार्ता त्यांना कळली. वय एकवीस. पदवी हाती आलेली नव्हती. ते सर्व सोडून परत आले आणि कंपनीचा कारभार त्यांच्या अंगावर पडला. त्यानंतर भरलेल्या भागधारकांच्या सभेत एका भागधारकाने उभे राहून, हा पोरगा कंपनी कशी चालविणार, त्याने आपले शेअर कोणा जाणत्या माणसाला विकून टाकावेत, अशा अर्थाचे भाषण केले. भर सभेत एकवीस वर्षांच्या मुलाला असे ऐकावे लागले. त्या सभेनेच आपल्याला जिद्दीला पेटविले, असे श्री. प्रेमजी पुढे सांगत असत.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा आणि विचार करा. तुमच्यापैकी एखाद्यावर उद्या हाच प्रसंग आला तर तुम्ही काय कराल? दुकान चालू ठेवणे भागच आहे. घर चालले पाहिजे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, धाकट्या भावाची फी भरायची आहे. मुलाने दुकानावर बसू नये असे मी म्हणणार नाही. प्रेमजीही बसलेच. मात्र दुकानावर बसल्यानंतर त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी शिकणे थांबविले नाही. त्यांना कारखानदारी येत नव्हती, हिशेबशास्त्र येत नव्हते. त्यांनी व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके मिळविली आणि दिवसा कारखाना व रात्री पुस्तके असा क्रम ठेवला. जे येत नाही ते कबूल करायचे आणि ज्याला येते त्याच्याकडून शिकायचे, यात मालकाला कमीपणा नाही असे त्यांनी मानले. अर्धवट राहिलेली पदवीही त्यांनी सोडून दिली नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, देशातील सर्वांत श्रीमंत माणसांत गणना होऊ लागली असतानाही, त्यांनी राहिलेला अभ्यासक्रम पुरा करून ती पदवी घेतली. तिचा त्यांना व्यवहारात काय उपयोग होता? काहीही नाही. पण सुरू केलेला अभ्यास पुरा करायचा असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या काळी भुईमुगाची खरेदी अंदाजाने होत असे. दलाल मूठभर दाणे हातात घेई, दाबून किंवा चावून पाही आणि भाव बोले. या अंदाजात कधी शेतकरी बुडे, कधी कंपनी बुडे, दलाल मात्र कधी बुडत नसे. तरुण प्रेमजींनी ही पद्धत बदलण्यास घेतली. दाण्यात तेल किती, ओलावा किती, हे तपासून त्याप्रमाणे भाव ठरवावा असे त्यांनी ठरविले. ऐकायला ही गोष्ट फार लहान वाटते. पण त्यांच्या पुढल्या साऱ्या उद्योगाचे बीज, माझ्या मते, या एका गोष्टीत आहे. जे मोजता येते ते मोजावे, अंदाजावर सोडू नये.

आपल्याला तर हे कोणी नव्याने सांगण्याची गरज नसावी. मापात मारणाऱ्यांविषयी आपल्या धर्मग्रंथाने किती कठोर इशारा दिला आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मराठीतही 'मापात पाप' हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा अर्थ आपण फक्त तराजूपुरता घेतो. कारखान्यात शिरलेल्या या विद्यार्थ्याने तो अर्थ सर्व व्यवहाराला लावला. एका कारखान्याच्या वीजजोडासाठी लाच मागितली गेली तेव्हा ती न देता कंपनीने जनरेटर लावून महागात काम चालविले, ही हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. लाच हेही खोटे मापच आहे.

आता संगणकाकडे येऊ. तेल-साबणाची कंपनी संगणकाकडे कशी वळली, हे पुष्कळांना कोडे वाटते. त्याचे कारण असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना भारतातील आपली भागीदारी ४० टक्क्यांपर्यंत उतरविणे भाग होते. आयबीएम या अमेरिकन कंपनीला ते मान्य नव्हते, म्हणून ती १९७८ च्या सुमारास देश सोडून गेली. संगणकाच्या बाजारात एकदम पोकळी निर्माण झाली. प्रेमजींच्या कंपनीने १९७५ मध्येच हायड्रॉलिक यंत्रभागांच्या धंद्यात प्रवेश केला होता आणि १९७७ साली 'वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्स'ची आद्याक्षरे जुळवून 'विप्रो' हे नाव धारण केले होते. अंगात थोडे बळ आलेले होते. १९८० च्या सुमारास त्यांनी बंगलोरला तरुण इंजिनियरांचा एक गट जमविला आणि छोटे संगणक बनविण्यास प्रारंभ केला.

त्यांना स्वतःला संगणक बनविता येत होता काय? नाही. पण आपल्यापेक्षा अधिक जाणणारी माणसे निवडावीत, त्यांना मोकळीक द्यावी आणि हिशेब मात्र कडक ठेवावा, ही रीत अमळनेरातच पक्की झाली होती. १९९१ नंतर सरकारने आयात खुली केली, जकात उतरली, परदेशी संगणक स्वस्तात येऊ लागले आणि देशी संगणक बनविणाऱ्यांची पंचाईत झाली. त्या वेळी हाताशी असलेले हेच इंजिनियर परदेशी कंपन्यांसाठी आज्ञावली लिहिण्याच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाला लावण्यात आले. एक दार बंद झाले तेव्हा माणसे तयार होती, म्हणून दुसऱ्या दारातून आत जाता आले. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदले गेले. १९६६ साली सुमारे वीस लाख डॉलर उलाढाल असलेली तेलाची कंपनी, २०१९ मध्ये प्रेमजी कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले तेव्हा आठ अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. शासनाने त्यांना २००५ मध्ये पद्मभूषण आणि २०११ मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले.

या वाटचालीत डाग लागलेच नाहीत असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या नोंदणीच्या वेळी जागतिक बँकेच्या काही नोकरांना शेअर देऊ करण्यात आले, म्हणून त्या बँकेने विप्रोला २००७ पासून चार वर्षे आपल्या कामांतून वगळले होते. ही गोष्ट २००९ साली उजेडात आली. देऊ केलेले शेअर सर्वांसाठी ठरलेल्या किमतीलाच होते, असा खुलासा कंपनीने केला. मी हे अशासाठी सांगतो की, ज्यांची चरित्रे आपण मुलांपुढे ठेवतो त्यांच्याविषयी पूर्ण खरे सांगावे. अर्धे सत्य ऐकून मोठी झालेली मुले उरलेले अर्धे कळल्यावर सगळ्यावरूनच विश्वास उडवून बसतात.

संगणकाच्या धंद्याइतकेच गुंतवणुकीच्या बाबतीत प्रेमजींचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमळनेरात ज्यांनी या कंपनीचे शेअर घेतले आणि धीर धरून ठेवले, त्यांच्या घरी बक्षीस शेअर आणि लाभांश पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. लहानशा गुंतवणुकीतून तेथे अनेक कुटुंबे लक्षाधीश, कोट्यधीश झाली ही गोष्ट सर्वश्रुत आहे. खुद्द प्रेमजींनीही आपला मोठा हिस्सा कधी विकून टाकला नाही. २००६ साली त्यांनी 'प्रेमजी इन्व्हेस्ट' ही गुंतवणूक पाहणारी संस्था काढली, ती इतर उद्योगांत भांडवल घालते. सगळेच शेअर वर जात नाहीत, पुष्कळ बुडतात, हेही त्याबरोबर लक्षात ठेवा. पण भागीदारी म्हणजे नफा-तोटा दोन्हींत वाटा, हे तत्त्व आपल्याला परके नाही.

याच्या उलट चित्र पाहा. २०१९ सालच्या मार्च महिन्यात बंगलोरमध्ये राहणाऱ्या या गृहस्थाने आपल्या संपत्तीचा आणखी एक प्रचंड हिस्सा शिक्षणकार्यासाठी देऊन टाकल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच शहरात 'आय मॉनेटरी ॲडव्हायझरी' ही संस्था कोसळली. हलाल गुंतवणूक, दरमहा नफा, असे सांगून तिने हजारो लोकांकडून पैसा गोळा केला होता आणि त्यांत बहुसंख्य आपले बांधव होते. विधवांनी दागिने मोडून, निवृत्त माणसांनी प्रॉव्हिडंट फंड काढून त्यात पैसे घातले होते. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन उदाहरणे घडली. दुसऱ्या उदाहरणात लोकांनी दाढी पाहिली, भाषा ऐकली, पण हिशेबाचा कागद मागितला नाही. हा नफा कोणत्या धंद्यातून येतो, हा साधा प्रश्न कोणी विचारला असता तर अनेक घरे वाचली असती. गणित न शिकण्याची किंमत माणूस परीक्षेच्या हॉलमध्ये देत नाही, ती पुढे अशी द्यावी लागते.

आता दानाविषयी. २००१ साली त्यांनी अझीम प्रेमजी फाउंडेशन स्थापन केले. सरकारी शाळांतील शिक्षण सुधारावे, त्यासाठी शिक्षकांना साह्य करावे, हा त्या संस्थेचा मुख्य हेतू. २०१० साली कर्नाटक विधिमंडळाच्या कायद्याने बंगलोरला अझीम प्रेमजी विद्यापीठ उभे राहिले, पुढे भोपाळलाही दुसरे सुरू झाले. २०१३ मध्ये, आपली अर्ध्याहून अधिक संपत्ती लोककार्याला देण्याच्या 'गिव्हिंग प्लेज' या जागतिक प्रतिज्ञेवर सही करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी महात्मा गांधींच्या विश्वस्त-कल्पनेचा आपल्यावरील प्रभाव नमूद केला आहे. मार्च २०१९ मध्ये ५२,७५० कोटी रुपये किमतीच्या शेअरांचे उत्पन्न आणखी देण्यात आले आणि एकूण निधी १,४५,००० कोटी रुपयांवर गेला. विप्रोच्या मालकीतून येणाऱ्या मिळकतीपैकी कंपनीचा ६७ टक्के भाग त्या दिवसापासून या कार्यासाठी बांधला गेला. संपत्ती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, असे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. ते एका माणसाने हिशेबाच्या वहीत उतरवून दाखविले.

येथे आपल्या समाजात हमखास निघणारा एक आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. "हा माणूस मुसलमान, पण त्याने कौमसाठी काय केले? आपल्या संस्थांना किती दिले?" चहाच्या टपरीवर, कधी कधी संस्थांच्या बैठकीतही, हे मी ऐकले आहे. श्री. प्रेमजींची भूमिका स्पष्ट आहे. आपण स्वतःकडे प्रथम भारतीय म्हणून पाहतो, धर्माच्या नावाने उद्योग किंवा दान करीत नाही, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. कोणाला हे पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु एक विचार करा. त्यांचे काम सरकारी शाळांत चालते. सरकारी शाळांत कोणाची मुले बसतात? ज्यांच्यापाशी खासगी शाळेची फी नाही त्यांची. त्यांत हातगाडीवाल्याचा मुलगा आहे, आदिवासी मुलगी आहे, आणि आपल्या मोहल्ल्यातली मुलेही आहेत. २०२४ साली कर्नाटकातील शाळकरी मुलांना आठवड्यातून दोनऐवजी सहा दिवस अंडे मिळावे म्हणून या फाउंडेशनने तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटी रुपये देऊ केले. ते अंडे ताटात वाढताना कोणी जात-धर्म विचारीत नाही. सरकारी शाळेतून बारावी होऊन पुढे पदवी वा पदविका घेणाऱ्या मुलींना काही राज्यांत वर्षाला ३०,००० रुपयांची शिष्यवृत्ती ते देतात. त्या मुलींत फातिमाही असेल आणि सावित्रीही असेल.

आणि दुसरे असे की, आपल्या संस्थांनी दुसऱ्याच्या देणगीकडे पाहण्याआधी आपल्या हिशेबाकडे पाहावे. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, ती कोणी बाहेरून येऊन देणगी देईल या आशेवर नव्हे. आपली संस्थाही लोकांच्या पाच-दहा रुपयांतून उभी आहे. मग प्रेमजींच्या तऱ्हेने आपण स्वतःला काही प्रश्न विचारू या. दरवर्षी जकातीच्या पैशातून आपण किती मुलांना फी दिली, हे या स्मरणिकेत छापलेले असते. त्यांपैकी किती मुलांनी शिक्षण पुरे केले, हे छापलेले असते काय? दहावीचा निकाल आपण मोठ्या अक्षरांत देतो. आठवीत असलेल्या मुलांपैकी किती दहावीपर्यंत पोहोचलीच नाहीत, ती संख्या कोणाजवळ आहे? सहावीतल्या मुलाला भागाकार येतो की नाही, परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येतो की नाही, हे आपण तपासतो की दलालासारखे मूठभर दाणे चावून भाव सांगतो? हे प्रश्न कटू आहेत, पण विचारण्यास एक पैसाही लागत नाही.

म्हणून जाता जाता तीन सूचना करतो आणि आपली रजा घेतो.

पालकहो, मुलाला दुकानावर बसविणे भाग पडले तर बसवा. पण त्याचे नाव शाळेतून काढू नका. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते, मुक्त विद्यापीठ आहे, रात्रशाळा आहेत. दुकानाची वही त्याच्या हाती द्या, महिन्याचा नफा-तोटा त्याला मांडायला लावा. तेही शिक्षणच आहे. मुलींच्या बाबतीत तर, गुलबानू प्रेमजींसारखी शिकलेली आई घरात असली म्हणजे मुलाच्या हातून काय घडू शकते, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षक बंधूंनो, गणित आणि विज्ञान हे विषय आपल्या मुलांना झेपत नाहीत हा समज आपणच मनातून काढून टाकावा. संगणकाच्या खोलीला कुलूप लावून ठेवू नये. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, मुलाची ओढ मेली तर दुरुस्त होत नाही.

संस्थेच्या चालकांनो, येत्या वर्षापासून फक्त एक वही घाला. ज्या मुलाला आपण साह्य करतो त्याचे नाव, इयत्ता, वर्षाअखेरची प्रगती, आणि शाळा सोडली असल्यास कारण. सोडलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी एका विश्वस्ताने स्वतः जावे. पुढच्या स्मरणिकेत ती संख्या छापावी, वाईट असली तरी छापावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला काय सांगू? आपल्या पैगंबरांना आलेला पहिला संदेश वाचण्याचा होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकवीस वर्षांच्या अझीमला सभेत सांगण्यात आले की तुला हे जमणार नाही. तुम्हालाही कोणी तरी कधी तरी असेच सांगेल, कधी नावावरून, कधी मोहल्ल्यावरून, कधी इंग्रजी येत नाही म्हणून. तेव्हा वाद घालीत बसू नका. आपल्याला काय येत नाही त्याची यादी करा आणि त्यातली पहिली गोष्ट त्याच रात्री शिकायला घ्या.